ऐतवारच्या दुपारची हाक

आमच्या घरी ऐतवार कानाला कळायचा. इतर दिवशी झुंजूमुंजू झालं की वर्ध्याच्या कापसाच्या जिनिंग गिरणीचा भोंगा वाजे आणि पिपरीहून पायी निघालेल्या माणसांच्या वहाणांचा आवाज रस्त्यानं लांबपर्यंत ऐकू येत राही. त्यात माझ्या बाबांच्याही वहाणा असत. ऐतवारी भोंगा नसे. त्या शांततेनंच मला जाग यायची. डोळे उघडायच्या आधी चुलीवर जवस भाजल्याचा वास येई, आणि ओसरीवर सुतळी ओढल्याचा सर्र सर्र आवाज. बाबा बाज विणायला बसलेले असत. जिनिंगमध्ये ते यंत्रांना तेल घालायचं काम करत. आठवडाभर हात तेलात, आणि सुटीच्या दिवशी सुतळीत. बाज विणणं हा त्यांचा धंदा नव्हता, छंद होता. एकीवर चौकटी, एकीवर लाटा, एकीवर मधोमध मोठं चक्र. चुकलं तर अख्खी उसवून पुन्हा घालत. माय म्हणायची, "झोपाले तं एकच बाज लागते माणसाले." बाबा हसून पुढची सुतळी ओढत.

तेव्हा पिपरी साधं गाव होतं. मागच्या वर्षी नातवाच्या गाडीतून त्या बाजूला गेले, तर इमारतींच्या रांगांमध्ये आमच्या घराची जागा काही मला दाखवता आली नाही. तीन खणांचं मातीचं घर, वर कवेलूंचं छप्पर, पुढे ओसरी, मागे परस आणि परसात एक जुना निंब. निंबाची सावली मागच्या दारावर पडे, त्यामुळे आतली खोली भर उन्हाळ्यातही गार असायची, आणि थोडी अंधारी. त्याच खोलीत माझी मोठी बहीण वच्छला तापानं गेली. मी तेव्हा फार लहान होते. मला ती आठवते ती पाठमोरी, पाठीवर एक लांब वेणी, बस. तिचा चेहरा आठवत नाही आणि आवाजही नाही. तिच्यामागे घरात कुणी तिचं नाव घेत नसे. तसं ठरवलेलं नव्हतं. पण चुकून निघालंच तर बाबा उठून बाहेर जात आणि माय काहीतरी दळायला घेई. पूर्वी जात्यावर गाणारी माय आता मुक्यानं दळायची.

ज्या हिवाळ्याची ही गोष्ट, त्याच्या आदल्या वर्षी आम्ही सगळे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो होतो. मायनं पांढरं लुगडं नेसलं होतं आणि परतताना मी तिच्या पदराचं टोक वाटभर सोडलं नव्हतं. घरी आल्यावर बाबांनी कोनाड्यातले देवाचे टाक फडक्यात बांधले आणि धाम नदीत सोडून दिले. शपथ घेतली होती, ती ते अक्षरशः पाळत. आता देव नाही, अंगात येणं नाही, भगत नाही, भूत नाही. मोहल्ल्यात बाबांना मान होता. त्यांना वाचता येत असे, आणि ऐतवारी दुपारी जेवणं झाली की आमच्या ओसरीवर माणसं जमत. एक माणूस शहरातून नागपूरचा पेपर आणी, आणि बाबा तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्यानं वाचत. आपला मुलूख नागपूरकडून मुंबईकडे कसा गेला, कापसाचे भाव, दिल्लीतली भाषणं, सगळं. पेपर वाचून झाला की त्यातली चित्रं माझी. मी ती कापून ज्वारीच्या पिठाच्या खळीनं भिंतीवर चिकटवत असे. पुढारी, धरणं, पूर, पहिलवान. तो माझा छंद.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की त्या हिवाळ्यात आमच्या घरात जे झालं, ते अशा घरात झालं. अंधारात गुरफटलेल्या घरात नाही. पेपर वाचणाऱ्या घरात.

शेतात तुरी भरल्या होत्या. एका ऐतवारी जेवणं लवकर आटोपली. बाबा पेपरवाल्याची वाट बघत रस्त्यापर्यंत गेले होते, माय शेजारी सूप द्यायला गेली होती. मी आतल्या खोलीत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मागचं दार सताड उघडं. ऊन परसात पडलेलं. आणि अगदी जवळून, दाराच्या पलीकडून, एक मुलगी म्हणाली, "माय वं, दार उघड ना."

आवाज माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या मुलीचा होता. बारीक, दमलेला, जरा लाडिक. लांबून चालत आलेली पोर जशी उंबऱ्याशी येऊन बोलते तसा. मला भीती नाही वाटली. मी म्हणाले, "उघडंच हाये," आणि शेंगा बाजूला ठेवून दारात आले. परसात कोणी नव्हतं. कुडाच्या पलीकडे कोणी नव्हतं. एक कोंबडी मातीत अंग घासत होती, ती तशीच पडून होती. कोणी आलं असतं तर ती उठली असती. मी हे मनात म्हणत होते तोवर पुन्हा आलं, "माय वं, दार उघड ना." आणि मी उघड्या दारात उभी होते.

माय आल्यावर मी तिला सांगितलं. तिचा हात शेंगांकडे गेला होता, तो तिथेच राहिला.

"कशी बोलली?" तिनं विचारलं.

मी नक्कल करून दाखवली. माय माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "बाबाले सांगू नको."

पण अशी गोष्ट राहते थोडीच. दोन-चार दिवसांतच शेजारच्या पार्बतामावशीनं ती हाक ऐकली. ती धुणं वाळत घालत होती, धुणं टाकून घरात पळाली. मग आणखी कोणी ऐकली. हाक कधी आड दिवशी यायची, कधी सलग तीन दिवस यायची नाही. वेळ मात्र दुपारचीच, सगळं गाव पेंगुळलेलं असताना. पार्बतामावशी मायला हलक्या आवाजात म्हणाली ते मी ऐकलं. "वच्छी होय ते, बाई. अजून घराच्या बाहीरच हाये. देव होते तवा थांबून होती. आता देव नाई, म्हणून येऊन राह्यली." देवळीच्या बाजूला कोणी भगत होता. त्याला बोलवावं, एक कोंबडं द्यावं, दारावर लिंबू बांधावं, असं तिचं म्हणणं.

मायनं हे बाबांपुढे काढलं. मी ओसरीवर होते. बाबांचा आवाज चढला नाही, तो कधी चढत नसे.

"आपण शपथ घेतली का नाई?" ते म्हणाले.

"घेतली."

"मंग?"

"मंग तुमीच सांगा ते काय होय."

"मले नाई माहीत. पण माहीत नाई म्हणून भगत आणाचा का?"

बाबा बाजेपाशी जाऊन बसले, पण विणायला हात घातला नाही. त्यांना दोन्हीकडून धरलं होतं. घरात बायको, आणि बाहेर मोहल्ला. ज्यांनी त्यांच्या शब्दावर आपले देव नदीत सोडले होते, तेच आता त्यांच्याकडे बघत होते. एक-दोन घरांच्या चौकटीवर लिंबं आली. ऐतवारी पेपर ऐकायला येणारी माणसं कमी होऊ लागली. जे येत, ते परसाकडे पाठ करून बसत नसत.

याच सुमारास मायनं एक गोष्ट सुरू केली. आमच्याकडे दिवसा दारं लावायची पद्धत नव्हती. पण माय जेवणं झाली की मागचं दार आतून लावू लागली. आधी मला वाटलं, भीतीनं लावते. मग एक दिवस हाक आली तेव्हा मी घरात होते. "माय वं, दार उघड ना." माय चुलीपाशी होती. ती उठली, पदराला हात पुसले, आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "आली वं बाई, आली." कडी काढली. दार उघडलं. बाहेर ऊन आणि निंबाची सावली. ती दारात क्षणभर उभी राहिली, मग एका बाजूला सरकली. कोणाला आत यायला वाट द्यावी तशी. आणि दार पुन्हा लावून घेतलं.

म्हणजे दार ती लावत होती, ते उघडता यावं म्हणून.

त्यानंतर मी आतल्या खोलीत एकटी जाईनाशी झाले. मायला काही विचारायचं धैर्य झालं नाही. ती इतर सगळ्या वेळी अगदी नेहमीसारखी होती. अंबाडीची भाजी करायची, पाटोड्या थापायची, माझ्या डोक्याला तेल लावायची, उलट पूर्वीपेक्षा जरा हलकीच झाली होती. एका पहाटे जात्यावर गुणगुणताना मी तिला ऐकलं. घरात गाणं परत आलं याचा आनंद व्हायला हवा होता. मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

बाबांनीही एकदा ते दार उघडणं पाहिलं. ऐतवारच होता. ते ओसरीवरून आत पाणी प्यायला आले होते. हातात लोटा, आणि पुढे माय, बाजूला सरकून उभी. मायनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. बाबा पाणी न पिताच ओसरीवर परत गेले. त्या दिवशी त्यांनी विणलेली बाज संध्याकाळी बघितली, तर तिच्यावर कसलंच नक्षीकाम नव्हतं. सरळ आडव्या-उभ्या सुतळ्या.

पुढच्या एका ऐतवारी ओसरीवर बरीच माणसं होती, कारण त्या दिवसांत पेपरात रोज एकच आश्चर्य येत होतं. रशियावाल्यांनी आभाळात कुत्रं पाठवलं होतं. मला त्या कुत्र्याचं चित्र हवं होतं, म्हणून मी बाबांच्या अगदी गुडघ्याला टेकून बसले होते. माय सूप घेऊन समोरच्या दाराच्या उंबऱ्यावर तांदूळ पाखडत होती. शिवराममामा नावाचे एक म्हातारे होते, नात्याचे नाहीत पण सगळे मामाच म्हणत. त्यांनी विचारलं, "कायले पाठोलं गा कुत्रं?"

"आभाळात जीव जगते का ते पाह्याले," बाबा म्हणाले.

"मंग जगलं का?"

"नाई. मेलं, असं लिवलं हाये. पण ते यान अजून फिरून राह्यलं."

पार्बतामावशी कुडाशी उभी होती. ती म्हणाली, "म्हंजे मेलेलं कुत्रं आपल्या डोक्यावरून फिरून राह्यलं?"

"हाव. एका अर्थानं तसंच."

"अन तुमीच म्हणता, भाऊ, का मेलेलं फिरत नाई."

बाबा काही उत्तर द्यायला तोंड उघडत होते. तेवढ्यात घराच्या मागून हाक आली. "माय वं, दार उघड ना." सगळ्यांनी ऐकली. शिवराममामांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. आता माय उठणार, दार उघडायला जाणार, आणि सगळा मोहल्ला ते बघणार, या विचारानं मी तिच्याकडे पाहिलं.

माय उठली नाही. आणि तेव्हाच घराच्या मागून दुसरा आवाज आला. "आली वं बाई, आली."

तो मायचा आवाज होता. त्यातला तो किंचित ओढलेला शेवट, 'आली'वरची थकवा झटकल्यासारखी उचल, सगळं तिचं. आणि माय आमच्यासमोर उंबऱ्यावर बसली होती. सूप तिच्या हातात, ओठ घट्ट मिटलेले. मी तिच्या ओठांकडेच बघत होते. पुन्हा आला, "आली वं बाई, आली." तिचे ओठ हलले नाहीत.

इतकी वर्षं झाली. आता फोनमधून अमेरिकेतल्या मुलीचा आवाज येतो, आणि गेलेल्या माणसांचे आवाज लोक डबीत भरून ठेवतात, त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण माझी आई समोर गप्प बसलेली आणि तिचा आवाज भिंतीपलीकडे फिरतोय, ती घटका मी अजून पूर्ण ओलांडलेली नाही. एक बाई पोराला काखेत मारून चालू लागली. पार्बतामावशी खाली बसली.

बाबा उठले. तोंड पांढरं पडलं होतं, पण आवाज सरळ होता. "इंदूचे माय," माझ्या नावानं मायला हाक मारत ते म्हणाले, "तू आता बोलली का?"

"नाई."

ते शिवराममामांकडे वळले. "मामा, जित्या माणसाचं भूत असते का?"

मामांनी विचार केला. "नाई बा. तसं कधी ऐकलं नाई."

"मंग हे भूत नाई. दुसरं काई तरी हाये. चाला माह्यासंगं."

ते आणि चार-पाच माणसं परसात गेली. मागोमाग आम्ही. परसात कोणी नव्हतं, म्हणून बाबांनी निंबाला शिडी लावली आणि चढले. वर फांद्यांत ते दिसेनासे झाले. बराच वेळ काही हालचाल नाही. मी मान वर करून बघत होते. नुसता पाला, हिरवा, दाट. आणि मग त्या पाल्याचाच एक तुकडा सरकला.

पोपट होता. मोठा, गळ्यात तांबडा-काळा गोफ असलेला, एका पायात पितळेचं कडं. कोणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटलेला. बाबांपासून हातभर अंतरावर तो बसला होता, अजिबात न घाबरता. सगळ्यांच्या देखत त्यानं मान तिरकी केली आणि एका दमलेल्या मुलीच्या आवाजात म्हणाला, "माय वं, दार उघड ना." आणि थोडं थांबून, माझ्या मायच्या आवाजात, स्वतःलाच उत्तर दिलं.

लोक हसू लागले. इतके हसले की शिवराममामांच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाबा शिडीवरून उतरले तेव्हा त्यांच्या हातापायांना खरचटलं होतं आणि चेहऱ्यावर, मी क्वचितच पाहिलेला, मोकळेपणा होता. चौकटीवरची लिंबं त्याच दिवशी उतरली. एकटी पार्बतामावशी हसली नाही. ती वर बघत म्हणाली, "पाखरू हाये, ते ठीक. पण ते कोणाचं बोलून राह्यलं, भाऊ? ते पोट्टी कुठं तरी असनच ना."

बाबांनी त्या मुलीचा शोध घेतला मात्र. ते जवळच्या सावंगीत विचारून आले, आणि देवळीच्या बाजारात मायला सोबत घेऊन गेले. कडं असलेला पोपट कोणाचा सुटला का, घरात मुलगी आहे का. कोणीच पुढे आलं नाही.

त्या ऐतवारी संध्याकाळी मात्र एक बोलणं झालं. माय भाकरी थापत होती. बाबा चुलीजवळ येऊन बसले, जे ते सहसा करत नसत.

"झालं ना तुहं समाधान?" ते म्हणाले. "पाखरू होतं."

माय भाकर उलटत म्हणाली, "मले माहीत होतं."

"काय?"

"पयल्याच हप्त्यात दिसलं होतं मले. शेंगा खाऊन राह्यलं होतं परसात."

"मंग सांगतलं काऊन नाई? मोहल्ला माह्या तोंडाकडे पाहून राह्यला, अन तू..."

"तुमी हाकललं असतं त्याले."

"अन दार? दार काऊन उघडत होती?"

मायनं भाकर तव्यावरून काढली, विस्तवाशी उभी केली. "कोणाचीबी असो," ती म्हणाली. "पोर दारात उभी राहून माय माय करते. घरात बाई असून आली म्हणू नाई का?"

बाबांनी पोपटाला हाकललं नाही. उलट पाण्याची एक मातीची थाळी त्यांनी निंबाच्या दुबेळक्यात बसवून दिली. मी भीत भीत आतल्या खोलीत पुन्हा जाऊ लागले. पण खरं सांगते, ते पाखरू आहे हे कळल्यावर मला जास्तच चमत्कारिक वाटायला लागलं. भूत असतं तर ते आमचं असतं. हा आवाज एका कुठल्याशा खऱ्याखुऱ्या मुलीचा होता, जी कधीतरी कुठल्यातरी बंद दाराशी उभी राहिली होती, आणि ते दार उघडलं की नाही हे फक्त त्या पोपटाला माहीत होतं.

शिमग्याच्या सुमारास निंबाची पानं झडली आणि पोपट गेला. एक दिवस हाक आली नाही, दुसऱ्या दिवशी नाही, मग आम्ही वाट बघणं सोडलं. माय दुपारी दार उघडं ठेवू लागली. एका दुपारी आम्ही दोघी उंबऱ्यावर सरकी वेचत बसलो होतो. परस वाळक्या पानांनी भरलं होतं. इतक्या दिवसांत जे विचारलं नव्हतं ते मी विचारलं.

"माय, वच्छाताईचा आवाज असाच होता का?"

मायचा हात थांबला नाही. ताईचं नाव तिच्यासमोर घेतल्यावर हात न थांबण्याची ती पहिलीच वेळ.

"नाई वं," ती म्हणाली. "तिचा आवाज बारीक नवता. घोगरा होता, पोट्ट्यावानी. तुह्यासारखा." थोड्या वेळानं, सरकीतला खडा बाजूला टाकत, "अगदी तुह्यासारखाच," असं म्हणाली.

मी पुढे काहीतरी बोलणार होते. भूक लागली किंवा शाळेतलं काही. बोलले नाही. मग माझ्या ध्यानात येऊ लागलं की मी घरात कुठूनही काही बोलले, की माय हातातलं काम सोडून, दुसरीकडेच बघत, मी पुरतं बोलून होईपर्यंत थांबते. ती कदाचित आधीपासूनच थांबत असेल. त्या दिवसापासून मी आमच्या घरात जपून बोलू लागले. पण अंधार पडल्यावर बाहेरून आले आणि दार लावलेलं दिसलं, की हाक मारावीच लागे. मारली, की आतून मायच्या पावलांचा आवाज यायचा, आणि ती इतक्या घाईनं यायची की मला प्रत्येक वेळी प्रश्न पडे, दार कोणासाठी उघडतंय.